कापावे की वळसा घालावा

धातूचा तुकडा वाकवला की त्यातील अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांतच अभ्यासकांच्या ध्यानात आलेली होती. कोडे होते ते हे, की हे सरकणे इतक्या थोड्या बलाने घडते तरी कसे. रशियन भौतिकशास्त्रज्ञ याकोव फ्रेंकेल यांनी १९२६ मध्ये मांडलेला हिशेब ॲल्युमिनियमला लावला, तर अणूंचा एक सबंध थर शेजारच्या थरावरून एकाच वेळी सरकवण्यासाठी सुमारे ४,००० मेगापास्कल एवढा कर्तन-ताण, म्हणजे थराला समांतर लावलेला ताण, आवश्यक ठरतो. एक मेगापास्कल म्हणजे एका चौरस मिलिमीटरवर साधारण १०० ग्रॅम वजनाचा भार. प्रत्यक्षात अतिशुद्ध ॲल्युमिनियमचा एकल स्फटिक एका मेगापास्कलच्या आसपासच शरण येतो. हिशेबात आणि प्रयोगात थोडाथोडका नव्हे, हजारो पटींचा फरक पडत होता, आणि एवढा फरक मोजमापाच्या चुकीच्या माथी मारता येण्याजोगा नव्हता.

१९३४ मध्ये जेफ्री टेलर, एगॉन ओरोवान आणि मायकेल पोलान्यी या तिघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे जे उत्तर दिले ते असे, की थर एकदम सरकतच नाही. अंथरलेली मोठी सतरंजी एका टोकाला धरून ओढू गेल्यास सगळ्या सतरंजीचे जमिनीशी होणारे घर्षण एकाच वेळी मोडून काढावे लागते. पण एका कडेला सुरकुती पाडून ती पायाने पुढे पुढे ढकलत नेली, तर सुरकुती पलीकडच्या कडेला पोहोचेपर्यंत सतरंजी सुरकुतीच्या मापाने सरकलेली असते आणि त्यासाठी फारसा जोर लागत नाही. स्फटिकातील थराचा काही भाग सरकलेला असतो आणि उरलेला अजून जागेवर असतो. या दोन भागांमधील सीमारेषा म्हणजे ही सुरकुती. तिला स्थानभ्रंश-रेषा म्हणता येईल, धातुवैज्ञानिकांच्या रोजच्या बोलण्यात ती ‘डिसलोकेशन’च असते. ही रेषा स्फटिकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली की वरचा भाग खालच्या भागाच्या तुलनेत अणूच्या एका पावलाने पुढे गेलेला असतो. ॲल्युमिनियममध्ये हे पाऊल ०.२८६ नॅनोमीटरचे आहे. नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

अशा रेषा विरळ असतील असा कोणाचा समज असल्यास तो दूर करायला हवा. चांगल्या तापवून सावकाश थंड केलेल्या धातूच्या एका घन सेंटिमीटरमध्ये या रेषांची एकूण लांबी दहा किलोमीटरच्या घरात असते, आणि तोच तुकडा थंड अवस्थेत ठोकून-ठोकून चेपला की ती वाढत वाढत एक कोटी किलोमीटरपर्यंत, म्हणजे पृथ्वी ते चंद्र या अंतराच्या पंचवीस पटींपलीकडे जाऊ शकते. रेषा हा काही वेगळा पदार्थ नव्हे, ती अणूंच्या मांडणीतील चूक आहे. तरीही ती वस्तूसारखी वागते. तिच्याभोवतीची अणूंची जाळी एका बाजूला दाबलेली आणि दुसऱ्या बाजूला ताणलेली असल्यामुळे तिच्या प्रत्येक नॅनोमीटरमध्ये ऊर्जा साठलेली असते, त्यामुळे लांबी वाढवणे तिला महाग पडते आणि ताणून धरलेल्या दोरीप्रमाणे ती शक्य तितकी सरळ राहू पाहते. पुढील सगळे विवेचन या दोरीच्या स्वभावावर उभे आहे.

रेषा सहज सरकतात म्हणून धातू मऊ, आणि म्हणून त्याला बळकट करायचे तर रेषांना अडवायचे, असा हा सरळ व्यवहार आहे. त्यासाठी परक्या धातूचे सुटे अणू विरघळवता येतात, स्फटिककणांच्या सीमा वाढवता येतात किंवा ठोकून रेषांचीच एवढी दाटी करता येते की त्या एकमेकींच्या आड येतील. परंतु ज्या उपायावर विमानाचे पंख आणि जेट इंजिनाची पाती उभी आहेत तो चौथा आहे: धातूच्या पोटात दुसऱ्या पदार्थाचे काही नॅनोमीटर मापाचे कण अगणित संख्येने पेरणे. येथे एका शब्दाबद्दल सावध राहावे लागते. ओतकामातील माणसे ‘इन्क्लूजन’ म्हणतात ती घाण असते, मळी किंवा ऑक्साइड यांचे नकळत आत राहून गेलेले मोठे कण, जेथून पुढे तडा सुरू होतो. येथे अभिप्रेत असलेले कण मात्र मुद्दाम घडवलेले, बहुधा घन द्रावणातून बाहेर पडलेल्या साक्याचे असतात. दोन्हींना अंतर्वेश म्हणणे तर्काला धरून असले, तरी एक धातूचा घात करतो आणि दुसरा त्याला तारतो.

या उपायाचा शोध रेषांची कल्पना निघण्यापूर्वी अठ्ठावीस वर्षे, म्हणजे १९०६ मध्ये लागला, आणि तोही काहीसा अपघाताने. बर्लिनजवळील नॉयबाबेल्सबर्ग येथे आल्फ्रेड विल्म हे जर्मन धातुवैज्ञानिक ॲल्युमिनियममध्ये सुमारे चार टक्के तांबे आणि अर्धा टक्का मॅग्नेशियम घालून तयार केलेल्या मिश्रधातूवर प्रयोग करत होते. पोलाद लाल तापवून पाण्यात बुडवले की कठीण होते. कोयत्याला किंवा विळ्याला पाणी पाजणाऱ्या लोहाराला हे शिकवावे लागत नाही. विल्म यांनाही ॲल्युमिनियमकडून तीच अपेक्षा होती, पण तापवून बुडवलेला तुकडा मऊच निघाला. काही दिवस तसाच पडून राहिलेला तो तुकडा पुन्हा मोजला, तेव्हा त्याची कठिणता बरीच वाढलेली आढळली. कोणी काही केले नव्हते, फक्त वेळ गेला होता. इंग्रजीत या क्रियेला ‘वय होणे’ या अर्थाचे नाव मिळाले. मराठीत लोणच्यासाठी वापरला जाणारा ‘मुरणे’ हा शब्द तिला अधिक शोभतो, कारण वय झालेली वस्तू थकते आणि मुरलेली वस्तू खुलते. ड्युरेन येथील कारखान्याने या मिश्रधातूचे उत्पादन सुरू केले, गावाच्या नावावरून तो ‘ड्युरॅल्युमिन’ झाला, आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास झेपेलिन हवाई जहाजांचे सांगाडे त्याचे बनू लागले. पोटात काय घडते हे ठाऊक नसताना माणसे त्याच्या भरवशावर आकाशात गेली.

काय घडते याचा पहिला सुगावा अमेरिकेच्या ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधील पॉल मेरिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९१९ मध्ये लागला. ५४८ अंश सेल्सिअसला ॲल्युमिनियम आपल्या पोटात साडेपाच टक्क्यांहून किंचित अधिक तांबे विरघळवून घेऊ शकते, पण खोलीच्या तापमानाला ते नगण्य प्रमाणातच विरघळते. तापलेला धातू झटकन पाण्यात बुडवला तर तांब्याच्या अणूंना बाहेर पडायला अवसर मिळत नाही आणि ते नाइलाजाने आत अडकतात. नंतर सावकाश एकत्र येऊन साका धरू लागतात. खोलीच्या तापमानाला घन पदार्थातून अणूंनी असा प्रवास करणे एरवी अशक्यप्राय आहे. येथे तो शक्य होतो याचे कारण तापलेल्या जाळीत असलेल्या असंख्य रिकाम्या जागाही त्या झटक्यात जशाच्या तशा गोठवल्या जातात. भरगच्च बाकावर सरकायचे तर शेजारी जागा मोकळी हवी. बुडवण्याचा खरा लाभ या मोकळ्या जागांचा असतो.

पण सूक्ष्मदर्शकाखाली साका दिसत नव्हता. धातू अतिशय कठीण झालेला असताना काहीच दिसत नसे, आणि कण दिसू लागत तोवर तो पुन्हा मऊ पडलेला असे. १९३८ मध्ये फ्रान्समध्ये आंद्रे गिनिए आणि ब्रिटनमध्ये जॉर्ज प्रेस्टन या दोघांना, पुन्हा एकमेकांपासून स्वतंत्रपणे, क्ष-किरणांच्या छायाचित्रांत पुसट रेघोट्या आढळल्या. त्यांवरून निष्कर्ष निघाला तो असा, की तांब्याचे अणू जाळीच्या ठरावीक प्रतलांवर जमून जेमतेम एका अणूएवढ्या जाडीच्या आणि काही नॅनोमीटर व्यासाच्या चकत्या तयार करतात. या चकत्यांना आज गिनिए-प्रेस्टन क्षेत्रे म्हणतात. त्यांना स्वतःची वेगळी जाळी नसते. ॲल्युमिनियमचीच जाळी त्यांच्यातून अखंड चालू राहते, म्हणून अशा कणाला सुसंगत कण म्हणतात. तांब्याचा अणू ॲल्युमिनियमच्या अणूपेक्षा लहान असल्यामुळे चकतीभोवतीची जाळी आत ओढली जाते. पुढे अधिक उष्णता दिल्यास चकत्यांच्या जागी क्रमाक्रमाने जाड होत जाणारे मधले साके येतात, आणि शेवटी स्वतःची स्वतंत्र जाळी असलेला, दोन ॲल्युमिनियम अणूंमागे एक तांबे अशा रचनेचा, मूळ जाळीशी नाते तोडलेला विसंगत कण उरतो.

आता सरकत येणारी रेषा आणि वाटेतला कण यांची गाठ जवळून पाहता येईल. स्पर्श होण्याआधीच त्यांना एकमेकांची जाणीव होते, कारण रेषेभोवतीचा ताण आणि कणाभोवतीचा ताण एकमेकांत मिसळतात. कोठे ते एकमेकांना ओढतात, कोठे ढकलतात. मुरलेल्या मिश्रधातूच्या बळाचा हिशेब प्रथम नेव्हिल मॉट आणि फ्रँक नाबारो यांनी १९४० मध्ये या दूरच्या ताणावरूनच मांडला. नंतर रेषा प्रत्यक्ष कणाला भिडते आणि तिच्यापुढे दोनच मार्ग उरतात: कापून आरपार जाणे किंवा वळसा घालणे.

कण लहान आणि सुसंगत असेल तर सरक-प्रतल, म्हणजे थर ज्या प्रतलावरून सरकतो ते, त्याच्यातूनही चालू असते, म्हणून रेषा त्याला कापू शकते. पण कापणे फुकट होत नाही. रेषा पार झाल्यावर कणाचा वरचा अर्धा भाग खालच्या भागावरून एका पावलाने सरकलेला असतो, त्याच्या दोन्ही कडांना पायरीएवढा नवा पृष्ठभाग उघडा पडतो आणि त्याची किंमत ऊर्जेत मोजावी लागते. कणाच्या आतील जाळी मूळ धातूपेक्षा ताठर असेल तर तेथे शिरणेच रेषेला जड जाते. कणातील दोन प्रकारचे अणू ठरावीक क्रमाने मांडलेले असतील, तर एका पावलाच्या सरकण्याने तो क्रम बिघडतो आणि प्रतलाच्या दोन्ही बाजूंना नको ते शेजारी समोरासमोर येतात. कण जसजसा मोठा, तसतशी ही सगळी किंमत वाढते.

किंमत एका मर्यादेपलीकडे गेली, किंवा कणाची जाळीच वेगळी असल्यामुळे आत शिरायला वाटच उरली नाही, की रेषा दुसरा मार्ग धरते. दोन कणांना टेकलेली रेषा मागून येणाऱ्या ताणामुळे त्यांच्या मधल्या फटीत फुगत जाते, आधी धनुष्यासारखी, मग अर्धवर्तुळासारखी, आणि अर्धवर्तुळ ओलांडल्यावर तिला आवरणे उरत नाही. कणाच्या मागे तिचे दोन बाहू एकमेकांना भेटतात. भेटणाऱ्या टोकांच्या दिशा परस्परविरुद्ध असल्याने ती एकमेकांना नाहीशी करतात, मुख्य रेषा सुटून पुढे निघून जाते आणि प्रत्येक कणाभोवती रेषेचे एक कडे मागे राहते. ओरोवान यांनी सांगितलेली आणि १९४८ मध्ये छापून आलेली ही युक्ती इतकी सोपी आहे, की तिचे सूत्रही एका ओळीत मावते: लागणारा कर्तन-ताण म्हणजे धातूची कर्तन-ताठरता गुणिले रेषेचे पाऊल भागिले दोन कणांमधील अंतर. कण कशाचा आहे याचा या सूत्रात पत्ताही नाही. हिऱ्याचा असो वा पोकळ बुडबुडा असो, वळसा घालणाऱ्या रेषेला, निदान या ढोबळ हिशेबात, दोन्ही सारखेच. त्या काळी रेषा कोणी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. केंब्रिज येथे पीटर हिर्श, रॉबर्ट हॉर्न आणि मायकेल व्हेलन यांनी ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात सरकणाऱ्या रेषा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या त्या १९५६ मध्ये.

आकडे घालून पाहिल्यास या दोन मार्गांमधील ओढाताण स्पष्ट होते. समजा ॲल्युमिनियमच्या आकारमानाचा एक शतांश भाग साक्याचा आहे. तो ५ नॅनोमीटर व्यासाच्या गोळ्यांत वाटला, तर एका घन मायक्रोमीटरमध्ये, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी लहान अशा चौकोनी डबीत, सुमारे दीड लाख कण मावतील आणि एका सरक-प्रतलावर त्यांच्यामधील अंतर सुमारे ३६ नॅनोमीटर पडेल. तेवढाच साका ५० नॅनोमीटरच्या गोळ्यांत एकवटला तर कणांची संख्या दीडशेवर येईल आणि अंतर ३६० नॅनोमीटर होईल. ॲल्युमिनियमची कर्तन-ताठरता २६,००० मेगापास्कल धरून ओरोवान यांच्या सूत्राने वळशाची किंमत काढली, तर पहिल्या वाटणीत ती सुमारे २०० मेगापास्कल येते आणि दुसरीत जेमतेम २०. मालमसाला तोच, वाटणी बदलली की बळ दहा पटींनी बदलते. मग कण जितका लहान तितका चांगला असे का म्हणू नये? कारण फार लहान कणाला वळसा घालण्याची गरजच पडत नाही, रेषा त्याला सहज कापून टाकते. कण वाढू लागतो तसे कापणे महागते आणि वळसा स्वस्त होत जातो. रेषा नेहमी स्वस्त मार्ग पत्करते, म्हणून जेथे दोन्हींचे भाव जुळतात तेथे धातू सर्वांत बळकट असतो. बहुतेक मिश्रधातूंत हा बिंदू काही नॅनोमीटर मापाच्या कणांपाशी येतो, आणि सूक्ष्मदर्शकात काहीच दिसत नसताना धातू कठीण का असे, हे कोडे येथे सुटते. त्यापुढेही मुरवत राहिल्यास मोठे कण लहान कणांना गिळत जातात, अंतरे वाढतात आणि धातू पुन्हा मऊ पडतो. लोणचेही फार मुरले की फोड लिबलिबीत होते.

कारखान्यांनी मुरण्याच्या या घड्याळाशी जुळवून घेतले आहे. २०२४ या क्रमांकाच्या ॲल्युमिनियमचे रिव्हेट तापवून पाण्यात बुडवल्यानंतर थोडाच वेळ ठोकण्याजोगे मऊ राहतात, म्हणून विमानबांधणीत ते शीतपेटीत ठेवून मुरणे थोपवले जाते. बाहेर काढल्यावर काही मिनिटांतच ते बसवून टाकावे लागतात आणि पुढचे मुरणे विमानाच्या अंगातच होते. मोटारींच्या बाह्यांगासाठी वापरला जाणारा ॲल्युमिनियमचा पत्रा मऊ असताना दाबून घडवला जातो, आणि रंग पक्का करण्याच्या भट्टीतील उष्णतेने त्यात साका धरतो, त्यामुळे रंगाबरोबर बळही मिळते. याहून मौजेची गोष्ट राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाची आहे. त्याच्या इंजिनाची खोळ आठ टक्के तांबे असलेल्या ॲल्युमिनियमची ओतलेली होती, आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत तिच्यात नॅनोमीटर मापाचा साका आढळला. साच्यातील उष्णतेत तो आपोआप धरला होता. विल्म यांच्या शोधाच्या तीन वर्षे आधीच मुरलेला धातू उडून आला होता, फक्त ते कोणाला ठाऊक नव्हते.

कापण्याच्या मार्गाचे सर्वांत विलक्षण रूप जेट इंजिनाच्या पात्यांत दिसते. निकेलच्या या उच्चतापी मिश्रधातूंत गॅमा-प्राइम नावाचे, तीन निकेल अणूंमागे एक ॲल्युमिनियम अशा काटेकोर क्रमाचे, सुसंगत आणि घनाकृती कण असतात, आणि एकल-स्फटिक पात्यांत ते आकारमानाचा साठ-सत्तर टक्के भाग व्यापतात. कणांच्या मधून धातू वाहतो की धातूच्या मधून कण, असा प्रश्न पडावा. येथे एकटी रेषा कणात शिरली तर मागे बिघडलेल्या क्रमाचा आख्खा पट्टा सोडत जाते, आणि ही किंमत तिला परवडत नाही. म्हणून रेषा जोडीने चालतात: पहिली क्रम बिघडवते, मागून येणारी दुसरी आणखी एक पाऊल सरकवून तो पूर्ववत करते, आणि दोघींच्या मधला बिघडलेला पट्टा त्यांना एकत्र बांधून ठेवतो. तापमान वाढले की या जोडीचे काही भाग उष्णतेच्याच मदतीने मूळ प्रतलावरून आडव्या प्रतलावर चढतात आणि तेथे अडकून बसतात. बर्नार्ड केअर आणि हाइन्झ विल्सडॉर्फ यांनी हे कुलूप १९६२ मध्ये वर्णिले. परिणामी, सर्व धातू तापल्यावर मऊ पडत असताना गॅमा-प्राइम सुमारे ७०० अंशांपर्यंत उलट बळकट होत जातो. पदार्थविज्ञानात स्वभावाला इतके सोडून वागणारी उदाहरणे थोडी आहेत.

भारतीय वाचकाला अधिक ओळखीचे ठरेल ते मॅरेजिंग पोलाद. यात कर्ब जवळजवळ नसतोच. १८ टक्के निकेल, शिवाय कोबाल्ट, मॉलिब्डेनम आणि थोडे टायटॅनियम असते, आणि ४८० अंशांच्या आसपास काही तास मुरवल्यावर निकेलचे मॉलिब्डेनम व टायटॅनियम यांच्याशी झालेले संयुग नॅनोमीटर मापाच्या साक्याच्या रूपाने बाहेर पडते. पीएसएलव्ही अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्याची, घन इंधन सामावणारी खोळ याच जातीच्या पोलादाची असते. हे पोलाद हैदराबादच्या मिधानी या सरकारी कारखान्यात तयार झाले आहे आणि अशा खोळींचे भाग घडवण्याचे काम पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर येथेही होते. मुरवण्यापूर्वी हे पोलाद मऊ असल्याने त्याचे वळणे, जोडणे, कातणे सुकर जाते, आणि नंतर साक्याच्या बळावर तेच पोलाद १,७०० मेगापास्कलच्या आसपासचा ताण सोसते.

कापल्या जाणाऱ्या कणांची एक वाईट खोड मात्र अभियंत्यांना अजून पुरती मोडता आलेली नाही. एकदा कापलेला कण त्या प्रतलावर थोडा अरुंद झालेला असतो, म्हणून पुढची रेषा तेथूनच अधिक सहज जाते, तिच्या मागची त्याहूनही सहज, आणि सगळी सरकासरक मोजक्याच पट्ट्यांत एकवटते. विमानाच्या पंखाप्रमाणे भार पुन्हा पुन्हा उलटसुलट होत असेल, तर या पट्ट्यांतील कण मागेपुढे कापले जाऊन इतके बारीक होतात की शेवटी विरघळून जातात. उरलेला धातू बळकट राहतो, पण त्या अरुंद पट्टीत तो शुद्ध ॲल्युमिनियमसारखा मऊ होतो आणि भेग तेथूनच निघते. वळसा घालायला लावणाऱ्या मोठ्या कणांत ही खोड नसते, कारण प्रत्येक वळशामागे एक कडे उरते आणि पुढच्या रेषेसाठी फट अधिकच अरुंद होते. म्हणूनच काही ठिकाणी अभियंते बळाच्या शिखरापलीकडे, थोडे जास्तच मुरवलेले ॲल्युमिनियम मुद्दाम पसंत करतात.

२०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठातील संशोधकांनी हाच दोष उलटा वापरून दाखवला. त्यांनी ॲल्युमिनियमचे नुकतेच पाण्यात बुडवलेले, अजून न मुरलेले तुकडे खोलीच्या तापमानालाच नियंत्रितपणे मागेपुढे ताणले आणि दाबले. मागेपुढे सरकणाऱ्या रेषा जाळीत सतत नव्या रिकाम्या जागा निर्माण करत होत्या, त्या जागांच्या आधाराने विरघळलेले अणू एकत्र येत होते, आणि भट्टीत कित्येक तास मुरवून मिळते तेवढे किंवा त्याहूनही जास्त बळ काही मिनिटांत मिळत होते. तयार झालेले पुंजके अवघे एक-दोन नॅनोमीटरचे होते, आणि ज्या रेषांना त्यांनी पुढे अडवायचे होते त्याच रेषांनी येता-जाता ते विणलेले होते.